गाडी कुणाच्या नावावर?



वसंतातल्या अशा प्रसन्न संध्याकाळी व्याज, घसारा आणि आयकर यांवर बोलायला उभे राहणे हे थोडे धाडसाचेच आहे. या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयाचे विवेचन ऐकता, इतिहास ऐकता, नाटकांची रसग्रहणे ऐकता; आणि आज आम्ही कर्जाचे हप्ते घेऊन आपल्यापुढे आलो आहोत. पण आम्हाला एक आधार आहे. १८७५ साली ज्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ते न्यायमूर्ती रानडे स्वतः थोर अर्थचिंतक होते. या देशाचा पैसा कोठे जातो, उद्योग का उभे राहत नाहीत, याचा विचार त्यांनी आयुष्यभर केला. तेव्हा पैशाची गोष्ट व्याख्यानमालेला परकी नाही. फक्त ती कंटाळवाणी होऊ नये एवढी जबाबदारी आमची.

विषय अगदी चहाच्या टपरीवरचा आहे. विजेवर चालणारी मोटार घ्यायची, तर ती स्वतःच्या नावाने कर्ज काढून घ्यावी, की आपल्या लिमिटेड कंपनीच्या नावाने? पूर्वी हा प्रश्न मुंबई-पुण्याचा होता. आता तो आष्टीचा झाला आहे. २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगर-आष्टी ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली आणि पुढे १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत गेली. नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, बाजारपेठ आपल्याला आणखी जवळ आली. दुधाचा धंदा करणारे, खते-बियाणी विकणारे, छोटे कंत्राटदार यांनी प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या काढल्या, शेतकऱ्यांनी उत्पादक कंपन्या काढल्या. आणि पुण्याच्या रस्त्यावर रांजणगावला जी विजेची मोटार तयार होते, ती आपल्या गल्लीत उभी दिसू लागली. घरी रात्री वीज भरावी आणि सकाळी नगरला जाऊन परत यावे, एवढे काम आजची मध्यम किमतीची गाडी एका भरण्यात करते. तेव्हा गाडी घ्यावी की नाही हा आजचा वाद नव्हे. ती कुणाच्या नावावर घ्यावी, एवढेच आपण पाहू.

या प्रश्नाचे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. "कंपनीच्या नावाने घ्या, सगळा टॅक्स वाचतो," असे छातीठोक सांगणारा माणूस प्रत्येक गावात असतो. खोटे कशाला बोला, एके काळी तो माणूस आम्हीच होतो. ती हकीकत पुढे सांगू. आधी हिशेब पाहू.

समजा, गाडी सगळ्या खर्चासह १५ लाखांना पडली. ३ लाख आपण रोख भरले आणि १२ लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढले. शिल्लक रकमेवर व्याज आकारले तर महिन्याचा हप्ता सुमारे २४,९१० रुपये येतो. पाच वर्षांत आपण सुमारे १४ लाख ९५ हजार भरतो. म्हणजे व्याज २ लाख ९५ हजारांच्या आसपास. पण तेच ९ टक्के कुणी 'फ्लॅट' म्हणून सांगितले, तर पाचही वर्षे पूर्ण १२ लाखांवर व्याज चालू राहते. व्याज होते ५ लाख ४० हजार आणि हप्ता होतो २९,०००. आकडा तोच, पण दुसऱ्या रीतीत खरा दर पंधरा टक्क्यांच्याही वर जातो. म्हणून दर किती हे विचारण्यापूर्वी दर कशावर, हे विचारावे. गाडी कुणाच्याही नावावर असो, हा पहिला धडा सगळ्यांना सारखाच लागू आहे.

कर्ज फिटेपर्यंत गाडीच्या कागदावर बँकेचे नाव राहते. सातबाऱ्यावर बोजा असतो, तद्वतच हे. शेवटचा हप्ता भरला म्हणजे बोजा आपोआप उतरतो असे नाही. बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म घेऊन परिवहन कार्यालयात जावे लागते. ज्याने सातबाऱ्यावरचा जुना बोजा उतरवण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घातले आहेत, त्याला हे अधिक समजावून सांगायला नको.

आता सवलतींकडे वळू. विजेच्या गाडीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर व्यक्तीला वर्षाला दीड लाखापर्यंत वजावट मिळते, असे आपण ऐकले असेल. ते खरे होते, पण १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जापुरतेच. आज नवे कर्ज काढणाऱ्याला ती मिळत नाही. जुनी बातमी सांगून गाडी विकणारा कुणी भेटला तर त्याला ही तारीख सांगावी. राहिले काय? विजेच्या गाडीवर जीएसटी पाच टक्के आहे; २०१९ च्या ऑगस्टपूर्वी तो बारा टक्के होता. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणाने मोटार वाहन कराची माफी दिली आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू व समृद्धी महामार्ग यांवर टोलमाफी ठरवली. पेट्रोलच्या गाडीवर कंपनीला माणसापेक्षा जास्त वाहन कर द्यावा लागतो. विजेच्या गाडीत तोही भेद उरत नाही. म्हणजे या सवलती गाडीच्या आहेत, मालकाच्या नव्हेत. मालक पाहून फरक पडतो तो घसाऱ्यात.

घसारा म्हणजे वस्तू झिजते म्हणून तिची किंमत दरवर्षी खर्चात धरणे. आयकराच्या नियमांत साध्या मोटारीला १५ टक्के आणि विजेच्या वाहनाला ४० टक्के असा घसारा चालत आला आहे. २०२५ साली नवा आयकर कायदा संमत झाला असून त्याचा अंमल १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे; म्हणून ज्या वर्षी गाडी घ्याल त्या वर्षीचा तक्ता आपल्या हिशेबनिसाकडून पाहून घ्यावा. ४० टक्क्यांनी १५ लाखांच्या गाडीवर पहिल्या वर्षी ६ लाख, दुसऱ्या वर्षी ३ लाख ६० हजार आणि तिसऱ्या वर्षी २ लाख १६ हजार खर्च पडतो. तीन वर्षांत ११ लाख ७६ हजार! साध्या गाडीला त्याच काळात पावणेसहा लाखांच्या थोडे वर मिळतात. वर्षात १८० दिवसांहून कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी घसारा निम्माच. म्हणजे दसऱ्याला घेतलेली गाडी काठावर आणि दिवाळीच्या पाडव्याला घेतलेली निश्चित निम्म्यात! मुहूर्त पंचांगात पाहावा हे ठीक, पण हिशेबाचेही एक पंचांग असते.

हे आकडे ऐकले की तोंडाला पाणी सुटते. पण घसारा ज्याच्या नफ्यातून वजा व्हायचा, तो नफा आधी असायला हवा. येथेच आपल्या गावचे तीन गृहस्थ डोळ्यांपुढे आणू.

पहिला शेतकरी. त्याची बागायत आहे, उत्पन्न बरे आहे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही. मग जो कर भरायचाच नाही तो वाचणार कोठून? त्याने गाडी स्वतःच्या नावाने घ्यावी. केवळ गाडीसाठी कंपनी काढली तर दरवर्षी हिशेब-तपासणीची फी आणि सरकारी विवरणपत्रे, एवढेच त्याच्या पदरी पडेल. दुधाच्या धंद्याचे मात्र लक्षात ठेवावे, ते उत्पन्न करमाफ शेतीत धरत नाहीत.

दुसरा दुकानदार. त्याची उलाढाल दोन कोटींच्या आत आहे आणि तो ठोक पद्धतीने, म्हणजे उलाढालीच्या आठ किंवा सहा टक्के नफा दाखवून, कर भरतो. ही पद्धत सोयीची आहे, कारण वह्या ठेवण्याचा व्याप नाही. पण त्या आठ-सहा टक्क्यांत सगळा खर्च आणि घसारा धरलेलाच असतो. त्याने गाडी घेतली काय, न घेतली काय, कराच्या कागदावर एक रुपयाचा फरक पडत नाही. त्याने पूर्ण वह्या ठेवल्या तर, कंपनी न काढताही, धंद्यासाठी जेवढी गाडी वापरली तेवढ्या प्रमाणात घसारा आणि व्याज त्याला मिळते. ही मधली वाट पुष्कळांना ठाऊकच नसते.

तिसरा गृहस्थ म्हणजे ज्याची खरोखरच चालती कंपनी आहे. नफा होतो, कर भरला जातो. त्याचा हिशेब जरा बारकाईने करू. कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेतला असेल, तर अधिभार आणि उपकर मिळून तिला सुमारे २५.१७ टक्के कर पडतो. पहिल्या वर्षी ६ लाख घसारा आणि सुमारे १ लाख व्याज, असे ७ लाख वजा झाले तर पावणेदोन लाखांच्या आसपास कर वाचला. छान! पण जीएसटीचे पाच टक्के परत मिळतील म्हणून कुणी बसला असेल, तर तसे होत नाही. प्रवासी नेण्याचा किंवा गाडी शिकवण्याचा धंदा असल्याखेरीज साध्या मोटारीवरचा हा कर वळता करून घेता येत नाही. शिवाय तीन वर्षांनी गाडी ६ लाखांना विकली तर काय होते? वहीत तिची किंमत ३ लाख २४ हजार उरलेली असते. वरचे २ लाख ७६ हजार पुन्हा हिशेबात येतात आणि त्यावरचा कर आज ना उद्या द्यावा लागतो. सारांश, यातला काही कर वाचलेला नसतो, पुढे ढकललेला असतो. उलट, स्वतःच्या खासगी वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर नाही.

आता त्याच गृहस्थाने दुसरी रीत केली असे समजा. तो कंपनीचा संचालक आहे, रोज काम करतो. त्याने कंपनीकडून आपल्या कामाला साजेल असा पगार थोडा वाढवून घेतला आणि त्यातून स्वतःच्या नावावरच्या गाडीचे रोख ३ लाख आणि पुढचे हप्ते भरले. वर्षाचे हप्ते होतात सुमारे २ लाख ९९ हजार. हा पगार कंपनीचा खर्चच आहे, तिच्या नफ्यातून तो वजा होतो. आणि २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर कर द्यावा लागत नाही. त्याचे सगळे उत्पन्न या मर्यादेत बसत असेल, तर पाच वर्षांत गाडीची १५ लाख किंमत आणि २ लाख ९५ हजार व्याज ही सगळी रक्कम पगाराच्या वाटेने कंपनीच्या खर्चात पडते, आणि त्याच्या हातात ती करावाचून येते. कंपनीच्या नावाने गाडी घेतली असती तरी खर्चात पडली असती ती हीच रक्कम! फरक एवढाच की घसाऱ्याने ती लवकर पडते आणि पगाराने सावकाश. मात्र गाडी याच्या मालकीची, विकली तर पैसा याचा आणि कर नाही. कंपनीच्या कामाला ती नेली तर किलोमीटर लिहून ठेवावे आणि तेवढा खर्च घ्यावा.

ज्याचे उत्पन्न चोवीस लाखांच्या वर गेले आहे, त्याला वाढवलेल्या प्रत्येक रुपयावर तीस टक्क्यांहून अधिक कर पडतो. त्याच्यासाठी कंपनीची वाट स्वस्त. पण 'कंपनीच्या नावाने घ्या' हा सल्ला तेथून निघाला आहे आणि फिरत फिरत तुमच्या-आमच्यापर्यंत आला आहे. मुंबईच्या मापाचा अंगरखा आपण आष्टीत घालून पाहतो, आणि बाही लांब का झाली म्हणून शिंप्याला दोष देतो.

तिसरीही एक पळवाट सुचवली जाते : कंपनीकडून उसने घ्यावे आणि गाडी स्वतःच्या नावावर करावी. घरच्या कंपनीत ज्याचा मताधिकार दहा टक्के किंवा अधिक आहे, अशा भागधारकाला दिलेले उसने कायदा लाभांश समजतो आणि त्यावर कर लावतो. तेव्हा ती वाट नकोच.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे : कंपनी आणि आपण, ही दोन माणसे आहेत. मुंबईच्या बाचा गझदर नावाच्या बाईंकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहाच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा धरत आणि त्यावर आयकर नव्हता. बाई म्हणाल्या, मग मला मिळालेल्या लाभांशाचाही ६० टक्के भाग शेतीचाच धरा. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारले. भागधारक हा कंपनीच्या मालमत्तेचा मालक नव्हे. मळा कंपनीचा, बाईंचा फक्त लाभांशावर हक्क, असा तो निकाल. आपल्या गावच्या भाषेत सांगायचे तर, शेअर सगळे तुमच्याकडे असले तरी दारात उभी असलेली कंपनीची गाडी तुमची नव्हे. 'संस्थेची गाडी' आणि 'चेअरमनची गाडी' यांत फरक असतो, हे सहकाराच्या या प्रदेशात आम्ही सांगायला नको. तो फरक पुसला गेला म्हणजे काय होते तेही आपण पाहिले आहे.

आता ती हकीकत. दोघा भावांची एक छोटी कंपनी होती. गाव कोणते, धंदा कोणता, ते सांगत नाही. त्यांच्या वह्या आम्ही पाहत असू. थोरल्याला गाडी हवी होती, डिझेलची. "कंपनीच्या नावाने घ्या, टॅक्स वाचेल," असा सल्ला आम्ही दिला. बँकेने कर्ज दिले. आणि लहान कंपनीला कर्ज देताना बँका बहुधा घेतात तशी दोन्ही भावांची वैयक्तिक हमी घेतली. सही करताना धाकट्याने विचारले, "कंपनी लिमिटेड आहे ना? मग माझी सही कशाला?" प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही म्हणालो, "रीत आहे, करून टाका."

गाडी थोरल्याच्या अंगणात उभी राहिली. लग्नाला गेली, देवाला गेली, कधी कंपनीच्या कामालाही गेली. नोंद कुणी ठेवली नाही. पुढे ओळीने दोन वर्षे पाऊस गेला, धंदा बसला, कंपनीत नफाच उरला नाही. ज्या नफ्यातून घसारा वजा करून कर वाचवायचा होता, तो नफाच नाही! हप्ते थकले. बँकेची नोटीस आली ती दोघांनाही. ज्याने त्या गाडीत चार वेळासुद्धा पाय ठेवला नव्हता, त्या धाकट्याला हमीदार म्हणून पैसे भरावे लागले. त्याच्या घरातून त्यासाठी काय मोडले गेले, ते येथे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. भाऊ आमच्या पडवीत बसले होते. थोरला म्हणत होता, गाडी कंपनीच्याच कामाला होती. धाकटा म्हणत होता, दाखवा. दाखवायला काही नव्हते. वाचलेला कर आम्ही मोजून दाखवू शकत होतो. तुटलेले मोजता आले नाही. आज ते एकमेकांकडे जात नाहीत. सल्ला कायद्याने चुकीचा नव्हता. पण गाडी कुणासाठी घेताय, हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता, आणि 'लिमिटेड' या शब्दाची मर्यादा सहीच्या जागी संपते, हे समजावून सांगितले नव्हते.

म्हणून, श्रोतेहो, आता आम्ही टॅक्सपासून सुरुवात करत नाही. गाडीच्या कामापासून करतो. विजेच्या गाडीत तर काम हाच सगळा हिशेब आहे. पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर आहे; घरच्या विजेवर गाडी चालवली तर किलोमीटरमागे पाचएक रुपये वाचतात असे धरा. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे वर्षाला साठ हजार वाचले. विजेची गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षा तीन लाखांनी महाग पडली असेल, तर ती भरून यायला पाच वर्षे. तीन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे तेच तीन लाख दोन वर्षांच्या आत भरून येतात. हल्ली बॅटरी भाड्याने देण्याचीही रीत निघाली आहे. २०२४ च्या सप्टेंबरात एमजी विंडसर या गाडीने ती आणली, तेव्हा बॅटरीचा आकार किलोमीटरला साडेतीन रुपये होता. किंमत कमी दिसते खरी, पण तो दुसरा हप्ताच आहे आणि तो चाकाबरोबर फिरतो. आणि एक गोष्ट, शेतीपंपाच्या जोडणीवर मोटार भरू नये. ती वीज दुसऱ्या कामासाठी स्वस्त दिलेली आहे. ज्या कामाची वीज त्याच कामाला.

हाच न्याय गाडीलाही लावावा. ज्याचे काम, त्याचे नाव. गाडी महिन्यातले बहुतेक दिवस माल दाखवायला, वसुलीला, बाजाराला जात असेल, कंपनीला खरा नफा असेल, सगळ्या भागीदारांचा ठराव झाला असेल आणि किलोमीटरची वही ठेवायची तयारी असेल, तर कंपनीच्या नावाने खुशाल घ्यावी. घसाऱ्याचा फायदा हा तिचा न्याय्य हक्क आहे. गाडी घरासाठी असेल तर ती घरच्या माणसाच्या नावाने, त्याच्या ऐपतीने घ्यावी. आणि दोन्हीसाठी असेल तर आधी पगाराचा हिशेब मांडून पाहावा. बहुतेकांना वैयक्तिक नावच पुरेल.

आपल्या जिल्ह्यातला ऊसतोड कामगार हंगामाआधी उचल घेतो. पैसा आज घेतला की उद्याचे श्रम आजच बांधले गेले, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. कर्जाची गाडी हीही उचलच आहे, मग कागदावर नाव माणसाचे असो की कंपनीचे. सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : ही उचल फेडायला कोण राबणार आहे? गाडीत बसणारा आणि राबणारा एकच असेल तर गाडी लखलाभ होवो. दोघे वेगळे असतील तर त्या दुसऱ्याला आधी घरी बोलवावे, चहा द्यावा, सगळा कागद वाचून दाखवावा, आणि मगच पेन त्याच्या हाती द्यावे. आम्ही ते एकदा केले नाही. आपण कराल, एवढ्यासाठी आजची संध्याकाळ आपली घेतली.